इकडे बघून बोला

सोमवार, ३ मार्च

पुस्तकात लिहिले आहे की स्वतःबद्दल जे दिसेल ते रोज लिहून काढावे, पण सजवू नये. म्हणून हे लिहायला घेतले. सजवायचे नाही हे मला जड जाणार. आयुष्यभर मी तेच काम केले आहे. दिवसा कापडाला रंग द्यायचा आणि पाळी सुटली की फाटकासमोर उभे राहून भाषणाला.

सुरुवात कशी झाली ते नोंदवतो. मागच्या सभेत मी मॅनेजरला "कितीही धुतला तरी न जाणारा डाग" म्हणालो. टाळ्या थांबेनात. दुसऱ्या दिवशी कंपनीने कराराची बोलणी थांबवली. युनियनच्या अध्यक्षांना आम्ही सगळे दादा म्हणतो. त्यांनी मला ऑफिसात बोलावले आणि दार लावून घेतले.

"कारखान्यात तुला तोफ म्हणतात," दादा म्हणाले. "पण खऱ्या तोफेला बत्ती दुसरा माणूस लावतो. तू आपली आपणच लावून घेतोस."

माझ्या वतीने दादा माफी मागून आले. बोलणी पुन्हा सुरू होतील आणि समोर मीच बसायचे, कारण सगळ्या मागण्या मला तोंडपाठ आहेत. अट एकच, आवाज चढवायचा नाही.

संध्याकाळी ताईकडे गेलो. ताई माझी मोठी बहीण, शाळेतून निवृत्त झालेली. तिने कपाटातून एक जाड पुस्तक काढले. आत्मनिरीक्षण, सजगता, आतून बदलणे वगैरे. मी म्हणालो, "ताई, मी क्रांत्यांचे इतिहास वाचलेत, अर्थशास्त्र वाचलंय. हे असलं वाचायला मला सवड नाही."

"तू वाचलेली सगळी पुस्तकं दुसऱ्याचं काय चुकलं ते सांगतात," ताई म्हणाली. "आता एक वेगळं वाच."

घरी येऊन हिला सांगितले. ही म्हणजे माझी बायको. ती त्याच कारखान्यात मागखात्यात आहे, मी रंगखात्यात. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसली. "तुम्ही गप्प बसणार? जमेल तेवढंच ठरवा."

गुरुवार, ६ मार्च

पुस्तकावर माझे आक्षेप आहेत. जगातल्या अन्यायाचे मूळ माणसाच्या मनात शोधणे ही शोषण करणाऱ्याची मोठी सोय आहे. उपाशी माणसाला "तुझ्या भुकेकडे शांतपणे बघ" असे सांगणारा स्वतः जेवून आलेला असतो. समासात मी तसे पेन्सिलीने लिहिले. ताईचे पुस्तक आहे हे नंतर आठवले.

पण एक गोष्ट खोटी म्हणता येत नाही. आज कँटीनच्या रांगेत फोरमन मध्ये घुसला तेव्हा, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे, मी त्याच्याकडे न बघता स्वतःकडे बघितले. जबडा आवळलेला होता. उजवा अंगठा मुठीत दाबलेला होता. आणि डोक्यात पूर्ण वाक्य तयार होते, शेवटच्या टाळीसकट. म्हणजे मला राग आला नव्हता, भाषण आले होते. हे मला पहिल्यांदाच दिसले.

मी काही बोललो नाही. फोरमन जास्त घाबरला.

रविवार, ९ मार्च

पुस्तक आता सोडवत नाही. सकाळी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून डोळे मिटले आणि श्वासाकडे लक्ष दिले. पाण्याची किटली चुलीवर होती. थोड्या वेळाने तिची शिट्टी सुरू झाली. अशी कर्कश की माझे डोळे आपोआप उघडले, आणि मनात लगेच वैताग. ही माझ्याकडे पाठ करून भाजी चिरत होती. शिट्टी वाजत होती आणि तिचा खांदासुद्धा हलला नाही. सुरी आपल्या लयीत चालू. जेव्हा वाफ तिच्या हातापर्यंत आली तेव्हा तिने सावकाश वळून किटली उतरवली.

मी बघतच राहिलो. ज्यासाठी लोक डोंगरात जाऊन राहतात ते माझ्या घरात, चुलीसमोर, कुणालाही न सांगता उभे होते. बाहेरचा गोंगाट आत जाऊच द्यायचा नाही ही अवस्था पुस्तकात फार पुढच्या प्रकरणात येते. इतकी वर्षे मी हिला साधी बाई समजत होतो.

तिला तसे म्हणालो. ती म्हणाली, "काय?" मी पुन्हा म्हणालो. ती म्हणाली, "चहा देते."

बुधवार, १२ मार्च

या आठवड्याचा अभ्यास आवाजाचा आहे. बोलण्याआधी थांबायचे, बोलायची इच्छा कुठून येते ते बघायचे, मग गरजेपुरते आणि हळू बोलायचे. माझा आवाज जन्मापासून मोठा आहे. आई म्हणायची, याला कुणी दत्तक घेतले तर पुढच्या गल्लीतल्याने घ्यावे, म्हणजे सगळ्यांनाच सोयीचे. आता मी घरात जवळजवळ कुजबुजतो.

परिणाम थक्क करणारा आहे. घरात भांडण उरलेले नाही. पूर्वी मी एक बोलायचो, ही दोन बोलायची. आता मी बोलतो आणि बऱ्याचदा ती उत्तरच देत नाही, आपले काम करत राहते. माझ्यातला खळखळाट थांबला तसा तिच्यातलाही थांबला. एकाच्या शांतीने दुसरा शांत होतो असे पुस्तकात आहेच.

आज तर कमाल झाली. मी बुटांच्या नाड्या सोडत खाली बघून काहीतरी सांगत होतो. ती म्हणाली, "अहो, इकडे बघून बोला."

साधे चार शब्द. पण सबंध पुस्तकाचे सार त्यात आले. मी बोलत होतो, पण तिथे नव्हतो. ती होती. मी मान वर केली तर ती एकाग्र होऊन माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. मी सभेत हजारो माणसांसमोर बोललो आहे, असे ऐकणारा माणूस मला भेटलेला नाही.

तो प्रसंग ताईला फोनवर सांगितला. ताई म्हणाली, "बायकोचं कौतुक करतोयस ते चांगलंच आहे. ती बरी आहे ना?" मी म्हणालो, "बरी? ती आपल्या सगळ्यांच्या पुढे गेलीय."

शनिवार, १५ मार्च

मोठीचा फोन आला. मोठी म्हणजे आमची लेक, लग्न होऊन दुसऱ्या गावी असते. फोन हिच्या शेजारच्या टेबलावर वाजत होता आणि हिने उचलला नाही. मी आंघोळीतून ओला तसाच धावत आलो.

"आई माझ्याशी बोलत का नाही?" मोठी विचारते. "गेल्या वेळी उचलला तर ‘हो हो, बरं बरं’ करून ठेवून दिला. मी सांगत होते सासूबाई पडल्या, आणि ती म्हणते, छान झालं."

मी समजावले की आईची सध्या बाहेरच्या गोष्टींतली ओढ कमी झाली आहे, त्याचे वाईट वाटून घेऊ नये.

"बाबा, तुम्ही काय वाचताय सध्या?" ती म्हणाली. मोठीचा स्वभाव माझ्यावर गेला आहे.

आता मागण्यांविषयी. कंपनीला मागखात्यात नवे वेगाचे माग आणायचे आहेत. आहेत त्या मागांमुळेच आत गेले की माणसाला स्वतःचा खोकला ऐकू येत नाही. तिथल्या बायका आवाज काढायच्या भानगडीत पडत नाहीत. ओठ हलवतात, बोटांनी खुणा करतात आणि मागांच्या रांगेपलीकडच्या बाईशी सुखाने गप्पा मारतात. मी आत गेलो की माझ्याकडे बघून ओठ हलवतात आणि हसतात. काय बोलतात त्यांचे त्यांना ठाऊक.

म्हणून आमची मागणी आहे: दरवर्षी कानांची तपासणी, सगळ्यांना आवाज अडवणाऱ्या कानटोप्या, आणि ज्याचे कान कमी झाले असतील त्याला त्याच पगारात दुसरे काम मिळण्याची हमी. हिला सांगितले तर तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"तपासणी कशाला हवी तुम्हाला? कुणी मागितली?"

"मागायला कशाला हवी? हक्क आहे."

"गेल्या वर्षी मागावरच्या एका बाईला डोळ्यांनी कमी दिसतं म्हणून झाडूकामावर घातली. अर्ध्या पगारात. तपासूनच घातली ना?"

"म्हणून तर हमीची मागणी जोडलीय."

"हमी मिळत नसेल तर तपासणी नको," ती म्हणाली. "तेवढं लक्षात ठेवा." आणि उठून गेली.

एवढी शांत बाई, पण खात्याविषयी बोलताना अजून थोडी आसक्ती शिल्लक आहे. हे दोष म्हणून लिहीत नाही.

मंगळवार, १८ मार्च

संध्याकाळी तिला पुस्तकातले एक प्रकरण वाचून दाखवायला घेतले. विषय होता, दुसऱ्याचे बोलणे पूर्ण ऐकणे. पुस्तक जाड असल्याने मी ते दोन्ही हातांनी तोंडासमोर धरले होते. पान उलटताना बघतो तर ती उठून गेलेली. न्हाणीघरात कपडे पिळत होती.

आधी वाईट वाटले. मग ते वाईट वाटणे कुठे आहे ते बघितले. छातीत, डावीकडे. ज्याला पोहता येते त्याला पोहण्यावरचे पुस्तक कशाला वाचून दाखवावे, असे मनाशी म्हटले आणि उरलेले प्रकरण मनातच वाचले.

शुक्रवार, २१ मार्च

आज बोलणी झाली. लांब टेबल, पलीकडे मॅनेजर आणि कंपनीचा वकील, अलीकडे मी आणि आमचे दोन प्रतिनिधी. मॅनेजरने पहिल्यांदाच मला पाणी विचारले.

वकील म्हणाला की तपासणी मान्य, कानटोप्याही मान्य. पण त्याच पगारात दुसऱ्या कामाची हमी देता येणार नाही, "कंपनी प्रयत्न करील" एवढे लिहू. मॅनेजर हसून म्हणाला, "साहेब, आता तुम्ही टेबलावर मूठ आपटणार."

मी स्वतःकडे बघितले. मूठ खरेच वळलेली होती. पोटात आग, जिभेवर वाक्य. मी त्या आगीला म्हटले, तू येतेस आणि जातेस, मी म्हणजे तू नव्हे. आणि ती खरोखर गेली. मूठ उघडली. इतके हलके वाटले की काय सांगू. पलीकडचे दोघे मला विरोधक वाटेनासे झाले. त्या हलकेपणात मी म्हणालो, "ठीक आहे, प्रयत्न करील असं लिहा."

आमचे दोघे माझ्याकडे बघत राहिले. बाहेर आल्यावर एकाने विचारले, "बरं वाटत नाहीये का?" मी सांगितले की इतके बरे मला कधीच वाटले नव्हते.

करार आता येत्या रविवारनंतरच्या रविवारी फाटकसभेपुढे जाईल, हात वर करून मंजूर होईल. शिफारस मी करायची.

घरी आल्यावर हिला सांगितले. तेव्हा मी बूट काढत होतो आणि ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हमीचा आग्रह सोडला, हेही सांगितले, अगदी हळू, समजुतीच्या स्वरात. ती घड्या घालत राहिली. एक शब्द नाही. मला भीती होती ती चिडेल. तिने ते स्वीकारले.

गुरुवार, २७ मार्च

मधले दिवस लिहिण्याजोगे नव्हते. आज आहे.

कराराचा मसुदा फाटकाजवळच्या फळ्यावर लागला. ही माझ्या आधी घरी पोचली होती. दिवा लावला नव्हता, चूल पेटवली नव्हती. मी आत येताच उभी राहिली.

"हमी कुठे गेली?"

मी हळूच म्हणालो, "तुला सांगितलं होतं."

"काय?"

"तुला सांगितलं होतं ना मी."

"कधी सांगितलंत? मला कधी सांगितलंत?"

मी शांतपणे आठवण करून दिली, त्या शुक्रवारी, बूट काढताना. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, पण अंधार होता. "दिवा लावा," ती म्हणाली. मग मी दिवा लावायच्या आतच म्हणाली, "नको, राहू दे. कळलं मला." आणि आत जाऊन दार लावून घेतले.

मला प्रथम संताप आला. सांगितलेली गोष्ट सांगितली नाही म्हणते. संतापाकडे बघितले. या वेळी तो गेला नाही, तसाच बसून राहिला आणि माझ्याकडे बघत होता. पुस्तकात याविषयी काही सापडले नाही.

शुक्रवार, २८ मार्च

आज चिमणी आली. चिमणी मागखात्यात हिच्या शेजारच्या मागावर असते. अंगाने दाराएवढी आहे, म्हणून तिला चिमणी म्हणतात. ही दुकानात गेली होती, आणि ती नसताना येण्याचा चिमणीचा इरादाच होता. बसा म्हटले तरी बसली नाही.

"तोफसाहेब, तुमच्या बायकोचं काय करायचं ठरवलंय?"

"म्हणजे?"

"पहिल्याच तपासणीत जाईल ती. झाडू हातात देतील. ते तुम्हाला चालणार असेल तर तसं सांगा, म्हणजे मी तिला दुसरीकडे काम बघते."

मी म्हणालो की हिच्या तब्येतीला काहीही झालेले नाही.

चिमणीने माझ्याकडे असे बघितले की सभेत कुणी तसे बघितले असते तर मी भाषण थांबवले असते. "तुम्ही एका घरात राहता ना?" ती म्हणाली. "दोन वर्षं झाली, ती कानांनी ऐकतच नाही. तोंडाकडे बघून ऐकते. आम्ही सगळ्याच खात्यात तसं बोलतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. डाव्या कानाने तर ठणठणाट आहे. उजव्याने मोठ्याने बोललं तर थोडं जातं."

मी खुर्चीवर बसलो.

"तुम्ही ओरडायचात तेव्हा तिचं बरं चाललं होतं," चिमणी म्हणाली. "म्हणायची, आमच्याकडे काही अडचण नाही, आमचे हे पलीकडच्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलतात. आता पंधरा दिवस काय ते पुटपुटत असता. तिला वाटतंय तुम्ही रागावलाय. जेवताना खाली मान घालून ओठ हलवता म्हणे. परवा मला विचारत होती, यांचं बाहेर काही आहे का गं."

"बाहेर काय असणार?"

"तेच मी म्हणाले. यांना घरात ठेवून घेतलंय तेच खूप."

जाताना दारातून वळली. "मी आले होते हे तिला सांगू नका. आणि ते पुस्तक जरा बाजूला ठेवा."

ती गेल्यावर मागची पाने वाचली. किटलीचे पान फाडावेसे वाटले. फाडले नाही.

शनिवार, २९ मार्च

सकाळी, उजेडात, मी तिच्या समोर खुर्ची ओढून बसलो. काय बोलायचे ते पाठ केले होते, एक शब्द आठवला नाही. मोठ्याने विचारले, "कानांचं मला का नाही सांगितलंस?"

तिने सुरी खाली ठेवली. "चिमणी आली होती वाटतं."

"कुणीही आलेलं असो."

"तिच्या चपलांचा चिखल आहे दारात." मग पदराला हात पुसत म्हणाली, "तुम्हाला सांगितलं असतं तर काय केलं असतंत?"

"डॉक्टरकडे नेलं असतं."

"त्याच्या आधी."

तिने चिरलेली भाजी बाजूला सारली.

"फाटकावर चढला असतात," ती म्हणाली. "आणि म्हणाला असतात, माझ्या घरात बघा. या मागांनी काय केलं ते माझ्या घरात येऊन बघा. मला ऐकू नाही आलं तरी मी म्हणून दाखवते तुमचं भाषण. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. टाळ्या पडल्या असत्या. आणि दुसऱ्या दिवशी मी मागावर कशी उभी राहिले असते? सगळ्यांनी माझ्याशी मोठे मोठे ओठ करून बोलायला सुरुवात केली असती. बिचारी म्हणून."

मला म्हणायचे होते की मी असे कधीच केले नसते. ते वाक्य घशापर्यंत आले. मग मी स्वतःकडे बघितले, आणि मी तसेच केले असते. शब्दसुद्धा तेच वापरले असते.

"मला वाटलं तू शांत झालीयस," मी म्हणालो.

"मला वाटलं तुम्ही रुसलाय," ती म्हणाली. "म्हटलं, रुसू देत. थोडा आराम."

दुपारी दादांकडे गेलो. हिचे नाव काढले नाही. म्हणालो, हमीची मागणी सोडली ती माझी चूक आहे. उद्या करार मंजूर करा असे मला सांगता येणार नाही.

"कबूल तूच करून आलास ना?"

"हो."

"का केलंस?"

"शांत होतो."

दादांनी चष्मा काढून पुसला. "आवाज चढवू नको म्हणालो होतो मी. मागणी सोड म्हणालो नव्हतो. एवढा फरक तुला कळू नये? तू एवढी पुस्तकं वाचतोस." मग म्हणाले, "उद्या तुझं तू निस्तर. हात वर झाले तर करार होईल, मी थांबवणार नाही."

रविवार, ३० मार्च

सभा झाली. जसे झाले तसे लिहितो.

फाटकासमोर माणूस मावत नव्हता. मागखात्यातल्या बायका नेहमीप्रमाणे अगदी पुढे, लाउडस्पीकरच्या खाली नव्हे तर माझ्या समोर. त्या तिथे का उभ्या राहतात याचा मी आजवर विचार केला नव्हता. मला वाटायचे, भाषण आवडते. हिच्या शेजारी चिमणी होती.

मी सुरुवातीलाच सांगितले की हमी सोडून देणारा माणूस मीच आहे. मागून कुणीतरी ओरडले, "किती दिले?" लोक हसले. पूर्वी त्या माणसाला मी सोडला नसता. मी म्हणालो, "काही दिलं नाही. पाणी दिलं फक्त." तेव्हा जास्त हसले, आणि मग ऐकू लागले.

तपासणी हवी, कानटोप्या हव्यात, हे सांगितले. पण हमीशिवाय तपासणी म्हणजे कंपनीच्या हातात आपल्या माणसांची यादी देणे आहे, हेही सांगितले. मग विचारले, "ही हमी कुणासाठी मागतोय आपण?" आणि थांबलो.

हा थांबा मला चांगला ठाऊक आहे. वीस वर्षे मी तो वापरतो आहे. सगळी गर्दी श्वास धरून असते आणि पुढच्या वाक्यावर माणूस तुमचा होतो. वाक्य जिभेवर होते. शोधावे लागलेच नाही. ‘माझ्या घरात बघा.’ तीन-चार वाक्ये पुरली असती, करारासाठी एकही हात वर झाला नसता, आणि ते भाषण लोकांनी आपल्या मुलांना सांगितले असते. मला टाळी ऐकू येत होती. आणि त्याच वेळी उद्याची सकाळ दिसत होती, मागांची रांग, आणि तिच्याकडे वळलेली सगळी तोंडे.

मी तोंड मिटले. थांबा फार लांबला. माइकवर फक्त माझा श्वास येत होता. पुढच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

मग म्हणालो, "कुणासाठी ते मला माहीत नाही. माहीत करून घ्यायचं कारणही नाही. तपासणीचा निकाल ज्याचा त्याच्या हातात दिला पाहिजे, आणि ज्याचे कान गेले त्याचं नाव न विचारता त्याचं काम राहिलं पाहिजे. हे मिळेपर्यंत करारावर सही नको."

सपाट झाले. एक ओळ लक्षात राहील असे काही नव्हते. खाली उतरताना रंगखात्यातला एकजण म्हणाला, "आज बार ओला निघाला." टाळ्या पडल्या त्या सवयीच्या.

मतदान झाले. करार मंजूर म्हणणारे हात बरेच होते, नामंजूर म्हणणारे त्याहून जास्त. मागखात्याचे सगळे हात दुसऱ्या वेळी वर होते. चिमणीने दोन्ही वर केले होते, दादांनी तिला एक खाली घ्यायला लावला. बोलणी पुन्हा सुरू होतील. कंपनी चिडेल, पुढचे काही सांगता येत नाही. या वेळी दादा स्वतः शेजारी बसणार आहेत.

घरी येताना ही रस्त्याच्या कडेने माझ्या उजवीकडून न चालता डावीकडून चालत होती, म्हणजे तिचा उजवा कान माझ्या बाजूला. ती नेहमी त्याच बाजूने चालते. मला ते आज दिसले.

दिव्याच्या खांबापाशी ती थांबली. "मधे एका ठिकाणी तुम्ही अडकलात."

"हो. विसरलो पुढचं."

"विसरला नाहीत." ती माझ्या तोंडाकडे बघत होती. "ओठ हलले होते. ‘माझ्या’ म्हणालात. मग मिटलेत."

"माइकवर गेलं नाही ते."

"मला माइक कशाला हवा?"

पलीकडून पाळी सुटलेली माणसे सायकलींवरून जात होती. ती सगळी जाईपर्यंत आम्ही तिथेच उभे होतो.

"पुढचं काय होतं?" तिने विचारले.

मी दिव्याकडे तोंड केले, तिला नीट दिसावे म्हणून. "काही नाही," म्हणालो.

"बरं," ती म्हणाली, आणि चालू लागली.

सोमवार, ३१ मार्च

ताई पुस्तक मागत होती. अर्धे वाचायचे राहिले आहे असे सांगितले. समासातले पेन्सिलीचे आक्षेप खोडणार होतो, पण एकदोन बरोबर वाटले, ते ठेवले.

मोठीला फोन केला. आईशी बोलायचे असेल तर इथे ये आणि समोर बस, असे सांगितले. का, ते आई सांगेल.

सकाळी खिडकीकडे बघत चहा पिताना काहीतरी म्हणालो. उत्तर आले नाही. तेव्हा कप ठेवून उठलो, टेबलाला वळसा घालून तिच्या समोर गेलो आणि तेच पुन्हा म्हणालो, माझ्या मूळच्या आवाजात. तसे काही विशेष नव्हते. साखर कमी पडली आहे, एवढेच.

"ओरडताय कशाला?" ती म्हणाली. "दिसतंय की मला."